वय, मेंदूतली रसायनं आणि जाणारा तोल: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

मी गोव्यात, फोंड्यात फिजिओथेरपी करते, माझ्याकडे येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. व्हॉट्सॲपवर रोज एक तरी मेसेज असतोच, ताई आईला चक्कर येते, बाबा परत पडले, आजीला आवाज सहन होत नाही. तीच तीच उत्तरं टाईप करून कंटाळले म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवतेय. प्रत्येक उत्तर एकेकटं वाचलं तरी कळेल, जिथे गोष्ट दुसरीकडे आलीये तिथे नंबर दिलाय. आणि एक, गोळ्या बंद-चालू करणं माझं काम नाही, ते ज्यांनी लिहून दिल्यात त्यांनाच विचारायचं.

१. आई "चक्कर येते" म्हणते, पण नीट विचारलं की कधी एक सांगते कधी दुसरं. चक्कर म्हणजे नक्की काय धरायचं?

चक्कर हा एक शब्द आपण चार वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. खोली गरगर फिरतेय असं वाटणं, ज्याला आपल्याकडे कोकणीत घुंवळ म्हणतात, ती एक. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती दुसरी. डोकं एकदम ठीक पण पायांचा भरवसा वाटत नाही, भिंत धरून चालावंसं वाटतं, ती तिसरी, माझ्याकडे येणाऱ्यांत हीच जास्त असते. आणि चौथी म्हणजे डोकं नुसतं पोकळ-हलकं, धड सांगताही येत नाही असं, त्यात झोप न होणं, काळजी हे पण येतं. आईला "चक्कर येते का" असं विचारूच नका, ती हो म्हणणार. काय करताना येते आणि किती वेळ टिकते एवढं विचारा. खाटेवर कूस बदलताना येत असेल तर प्रश्न ९ वर जा, उठताना येत असेल तर १४ वर, चालताना तोल जात असेल तर पुढचं सगळंच वाचा.

२. तोल सांभाळतो कोण? पाय, कान की मेंदू?

तिघे मिळून, आणि डोळे धरले तर चौघे. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत उभं राहा म्हणजे कळेल. डोळ्यांना समोरची स्कूटर आणि कठडा स्थिर दिसतो, कानाच्या आतल्या भागाला बोट हललेली कळते, तळव्यांना इंजिनची थरथर आणि उतार जाणवतो. तिघे तीन गोष्टी सांगतात आणि मेंदूला क्षणात ठरवायचं असतं की आत्ता कुणाचं ऐकायचं.

कानाच्या आत प्रत्येक बाजूला तीन अर्धगोल नळ्या असतात, त्या डोकं वळलं की ओळखतात, आणि दोन छोट्या पिशव्या असतात, त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे, ते सरळ पुढे-मागे, वर-खाली जाणं आणि डोक्याचा कल ओळखतात. ही माहिती मेंदूच्या बुंध्याकडे आणि मागच्या छोट्या मेंदूकडे जाते, डोळ्यांची आणि स्नायू-सांध्यांची पण तिकडेच येते, हिशोब तिथे होतो. वय वाढलं की चारही ठिकाणी थोडं थोडं झिजतं. कानातल्या केसांसारख्या पेशी कमी होतात, तळव्याची जाणीव बोथट होते. पण लोक मला विचारतात तो प्रश्न बहुतेक वेळा हिशोबाचा असतो, म्हणून पुढचा प्रश्न जरा लांब आहे.

३. कानाचा रिपोर्ट नॉर्मल, डोळे नॉर्मल, गुडघे बरे, तरी बाबांचा तोल जातो. डॉक्टर म्हणाले वय झालं. म्हणजे झालं काय नक्की?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांमधून बोलतात. त्यातली काही "बोल" सांगतात, काही "गप्प बस" सांगतात. गप्प बसवणाऱ्यांत मुख्य म्हणजे गाबा. घरात दहा जण एकदम बोलायला लागले की आजी ओरडते ना, "गप रावा रे सगळे, त्याला बोलूंदे", ते काम गाबा करतो. तो नसेल तर माहिती कमी येते असं नाही, उलट सगळीच येते, आणि त्यातली कामाची कुठली ते कळत नाही.

वयानुसार मेंदूच्या काही भागांत गाबा कमी होतो. याचा मला सगळ्यात पटलेला प्रयोग २००३ सालचा आहे, सायन्स या नियतकालिकात आला होता. म्हाताऱ्या माकडांच्या मेंदूत बघण्याचं काम करणाऱ्या पेशी तपासल्या. तरुण माकडात एखादी पेशी फक्त उभ्या रेघेला प्रतिसाद देते, दुसरी आडव्या. म्हाताऱ्या माकडात त्याच पेशी कुठल्याही रेघेला, वाटेल तेव्हा पेटत होत्या. मग त्यांनी अगदी बारीक नळीने पेशीजवळ गाबा सोडला आणि त्याच म्हाताऱ्या पेशी परत निवडक झाल्या! म्हणजे पेशी मेलेल्या नव्हत्या, त्यांना गप्प करणारं कुणी उरलं नव्हतं. नंतर माणसांमध्येही एमआरआयच्याच मशीनवर एका वेगळ्या तपासणीने गाबा मोजलाय, आणि हालचाल-स्पर्शाच्या भागात तो कमी असलेल्या वयस्कर लोकांची त्या कामातली कामगिरी पण कमी दिसली.

आता बाबांवर लावून बघा. फेरीच्या धक्क्यावर उतरताना त्यांच्या मेंदूला पाण्याची हालचाल, मागून येणारा मोटरसायकलचा आवाज, पायाखालची ओली जाळी, खिशातला वाजणारा मोबाईल, सगळं सारख्याच जोरात पोचतंय. तरुण मेंदू पाण्याची हालचाल बाजूला काढतो, त्यांचा मेंदू तिलाही किंमत देतो आणि शरीर त्या बाजूला झुकतं. रिपोर्ट नॉर्मल येतात कारण शांत खोलीत, एक एक करून तपासलेलं असतं.

४. डोपामिन म्हणजे ते मोबाईलच्या व्यसनाचं ना? त्याचा चालण्याशी काय संबंध?

रील्समुळे डोपामिनचं नाव बदनाम झालंय :) मेंदूत खोलवर काळसर दिसणाऱ्या पेशींचा एक छोटा भाग आहे, तिथून निघणारं डोपामिन हालचालींना वंगण घालतं. चालताना आपण विचार करत नाही, उजवा पाय मग डावा पाय, हात आपोआप हलतात, ते आपोआपपण डोपामिनवर चालतं. तरुणपणापासूनच दर दहा वर्षांनी त्याचे ग्राहक, म्हणजे पेशींवरची डोपामिन पकडायची जागा, साधारण ५ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. म्हणून सत्तरीत पावलं थोडी लहान होतात, वळताना जास्त पावलं लागतात. हे सगळ्यांचंच होतं.

पार्किन्सन वेगळा. जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरने १८१७ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि त्यात डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मोठ्या प्रमाणात मरतात. एका हाताला बसल्या बसल्या कंप, चेहरा भाव नसल्यासारखा, अक्षर बारीक होत जाणं, एक हात न हलवता चालणं, असं दिसलं तर वयावर ढकलू नका, न्यूरोकडे, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरकडे जा. पण त्याआधी प्रश्न १० वाचा, कृपा करून.

५. बाबांशी चालता चालता बोललं की ते उभेच राहतात. मुद्दाम करतात का?

अजिबात नाही, त्यांचा मेंदू शहाणपणा करतोय. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी लॅन्सेटमध्ये अगदी साधी गोष्ट छापली, वृद्धाश्रमातले जे लोक चालताना बोलायला लागले की थांबतात ते पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडले. कारण ज्यांचं चालणं आपोआप होत नाही (प्रश्न ४) त्यांना ते लक्ष देऊन करावं लागतं, आणि लक्ष सांभाळायचं काम बरंचसं ॲसिटिलकोलिन या तिसऱ्या रसायनाचं. ते पण वयाने कमी होतं. लक्ष एकच, ते चालण्यात घातलं तर बोलायला उरत नाही.

त्यामुळे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बाबांना पाठीमागून हाक मारून "सुंगटं (कोळंबी) कितीला मिळाली" विचारू नका. थांबू द्या, मग बोला. आणि जिन्यावर तर गप्पच.

६. चवथीला (गणेशचतुर्थीला) घर भरलं की आजी वैतागून आतल्या खोलीत जाऊन बसते. ऐकू कमी येतं म्हणावं तर आरतीतल्या घुमटाचा (मातीच्या वाद्याचा) आवाज मात्र सहन होत नाही. हे कसं काय?

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. वयाने आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, श, त, च असली व्यंजनं. स्वर ऐकू येतात, म्हणून आजीला कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय ते कळत नाही. कानातून कमी येतंय म्हटल्यावर मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो, त्यात गाबा कमी (प्रश्न ३), म्हणून घुमट, शामेळ आणि कांसाळं सुरू झाली की तो वाढवलेला व्हॉल्यूम डोक्यात आदळतो. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली) वीस जण, लाईटची माळ लुकलुकतेय, अगरबत्ती, पोरांची पळापळ, तिचा मेंदू यातलं काहीच बाजूला काढू शकत नाहीये. आतल्या खोलीत जाणं हा तिचा उपाय आहे, रुसवा समजू नका. आरतीपुरती तिला दाराजवळ, भिंतीला पाठ लावून खुर्ची द्या.

आणि कानाची तपासणी करा, कारण याचा तोलाशी संबंध आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात ऐकण्याची फक्त २५ डेसिबलची घट असलेल्यांमध्ये पडण्याचं प्रमाण जवळजवळ तिप्पट दिसलं. ऐकायलाच सगळी ताकद लागली तर चालण्याकडे बघणार कोण. कानाचं मशीन घेतलं की ते डबीत ठेवून "फक्त पाहुणे आले की" वापरणारे मी कितीतरी बघते, मेंदूला त्याची सवय व्हायला काही आठवडे रोज लावावं लागतं.

७. सासरे न्हाणीतच का पडतात? दोनदा झालं, दोन्ही वेळा तोंडाला साबण लावताना. बाकी दिवसभर ठीक असतात.

तुम्ही उत्तर प्रश्नातच दिलंय. साबण लावला की डोळे बंद, आणि ते डोळ्यांच्या जिवावर उभे होते. रॉम्बर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात हीच तपासणी सांगितली, पाय जुळवून उभं राहायचं, डोळे मिटायचे. उघड्या डोळ्यांनी स्थिर आणि मिटल्यावर हेलकावे, तर तळव्यांकडून येणारी माहिती किंवा कान कमकुवत. (घरी करून बघायचं तर दोन्ही बाजूंना माणूस हवा, नुसता मोबाईल धरून शूटिंग करणारा नको.)

तळव्यांची जाणीव का जाते, तर आपल्याकडे पहिलं कारण साखर. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या) देशभरच्या पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यात जास्त. दुसरं बी-१२. मासे खाणाऱ्या गोंयकाराला बी-१२ कमी कसं असं लोक विचारतात, पण साखरेची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची रोजची गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते शोषलंच जात नाही. बी-१२ शिवाय नसांची वेष्टणं खराब होतात. रक्ताची साधी टेस्ट आहे, करून घ्या.

अंधाराचंही तेच गणित. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट. पावसाळ्यात लाईट गेली, चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ, पायात गुळगुळीत झालेली स्लिपर, यात मी पण पडेन. न्हाणीत स्टूल ठेवा, बसून अंघोळ, भिंतीला पकडायला दांडा (टॉवेलचा स्टँड म्हणजे दांडा नव्हे, तो हातात येतो), आणि खाटेपासून संडासपर्यंत रात्रभर एक मंद दिवा.

८. माझं वय ६१. फुगडी घातली की आता दहा मिनिटं भिंत फिरते. लहानपणी तासन् तास घालायचो. सोडून देऊ?

हा प्रश्न दर भाद्रपदात येतो आणि मला फार आवडतो. फुगडीत गोल फिरताना कानातल्या नळ्यांमधलं पाणीही फिरायला लागतं, तुम्ही थांबता पण ते थांबत नाही, वेग आवरेपर्यंत मेंदूला वाटतं अजून फिरतोच आहोत आणि डोळे पण बारीक बारीक एका बाजूला उडत राहतात. फुगडी थांबली की जोडीदारणीच्या डोळ्यांत बघा, दिसतील. हा खोटा निरोप दाबायचं काम छोट्या मेंदूतल्या मोठ्या पेशी करतात, आणि त्या दाबतात ते गाबा सोडूनच. वयाने या पेशी कमी होतात आणि गाबाही, म्हणून निरोप लवकर दबत नाही. शिवाय सवय गेलेली असते, वर्षभर कुणी फिरत नाही आणि चवथीला एकदम.

सोडू नका. पंधरा दिवस आधीपासून रोज घरात, कुणीतरी जवळ असताना, हळू दोन फेऱ्या घ्या, नंतर तीन. थांबल्यावर भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत राहा. हाडं ठिसूळ असतील किंवा मानेचं दुखणं असेल तर मात्र टाळ्या वाजवायला बसा, जोरात फुगडीत हात सुटला की मनगट मोडतंच.

९. खाटेवर उजवीकडे वळले की खोली फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते. हे पण मेंदूतलं केमिकल का?

नाही. हे कानातले खडे (प्रश्न २) जागेवरून सुटून नळीत गेल्याचं लक्षण आहे, वय वाढलं की जास्त होतं. याला गोळी लागत नाही, डोकं ठरावीक क्रमाने वळवून खडे परत पिशवीत पाठवायची पद्धत आहे, एपली नावाच्या डॉक्टरची, पाच-दहा मिनिटांत होते आणि बरेच जण एक-दोन वेळांत बरे होतात. कुठला कान, कुठली नळी हे आधी तपासावं लागतं, म्हणून यूट्यूब बघून मान वळवू नका.

१०. आईला चक्करची गोळी दोन वर्षं चालू आहे, बंद केली की तिला भीती वाटते. चालू ठेवली तर काय होतं?

हा प्रश्न मी सगळ्यात वर टाकणार होते.

चक्कर आणि उलटीसाठी दिल्या जाणाऱ्या प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन या गोळ्या आणि गॅससाठी मिळणाऱ्या लेवोसल्पिराईड, मेटोक्लोप्रमाईड, या सगळ्या मेंदूत डोपामिन अडवतात. चार-पाच दिवस घेतल्या तर बहुतेकांना काही होत नाही. महिनोन् महिने घेतल्या, त्यात वयाने डोपामिन आधीच कमी (प्रश्न ४), की माणूस हुबेहूब पार्किन्सन झाल्यासारखा दिसायला लागतो. ताठर, सावकाश, थरथर, आणि अर्थात तोल जातो. तोल जातो म्हणून घरचे म्हणतात चक्कर वाढली, गोळी परत सुरू. शिवाय मेंदू गुंगीत असला की तो बिघडलेल्या कानाशी जुळवून घ्यायचं शिकतच नाही.

माझ्या आईचंच सांगते. ती डिचोलीला असते. तिला प्रश्न ९ मधलं खड्यांचं घुंवळ आलं होतं, एकाने गोळी दिली ती आठवड्यासाठी, पण पाकीट संपलं की रिकामं पाकीट दाखवून फार्मसीतून नवीन, असं वर्ष उलटून गेलं. मी दर रविवारी जायचे आणि मला दिसलं नाही. मी, जी दिवसभर लोकांची चाल बघते! दिसली ती रांगोळी. तुळशीपुढे ती रोज ठिपक्यांची काढते, त्या दिवशी बघितलं तर रेघा तुटक आणि कमळ निम्म्या आकाराचं झालेलं. तांब्या उचलला तर हात थरथरत होता. न्यूरोच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांचा. त्यांच्या सांगण्यावरून बंद केल्यावर चार महिने लागले, आता कमळ परत पहिल्याएवढं आहे. सगळ्यांचं एवढं नीट होतंच असं नाही, काहींना जास्त वेळ लागतो, आणि काहींमध्ये खरा पार्किन्सन लपलेला असतो तो यातून उघडा पडतो.

बेटाहिस्टिन या यादीत नाही, ती डोपामिन अडवत नाही, पण तीही कशासाठी आणि किती दिवस हे विचारून घ्या. आणि आज घरी जाऊन पाकीट कचऱ्यात टाकू नका, डॉक्टरला दाखवून बंद करा.

११. झोपेच्या गोळीने गाबाचं काम वाढतं असं वाचलं. मग तुमच्या प्रश्न ३ प्रमाणे तिने तोल सुधारायला पाहिजे ना?

बरोबर पकडलंत, हा प्रश्न एका निवृत्त शिक्षकांनी विचारलाय आणि मला दोन दिवस उत्तर सुचलं नव्हतं. तिथली आजी "त्याला बोलूंदे" म्हणून बाकीच्यांना गप्प करते, योग्य वेळी, योग्य माणसाला. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या गोळ्या म्हणजे घरातल्या सगळ्यांच्याच तोंडावर पट्टी, बोलणाऱ्याच्या पण. छोटा मेंदू मंद, प्रतिक्रिया मंद, स्नायू सैल. वयस्कर शरीरात गोळी जास्त वेळ रेंगाळते, रात्रीची सकाळी संडासला उठताना पण रक्तात असते. पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं यांच्याशी तिचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय.

पण या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्याने एकदम बंद केल्या तर फिट (आकडी) येऊ शकते. डॉक्टर हळूहळू कमी करून देतात, त्याला आठवडे-महिने लागतात.

याच जोडीला सर्दीच्या गोळ्या, खोकल्याचं गुंगीचं सिरप, लघवी आवरायच्या काही गोळ्या, नसांच्या दुखण्याला दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, या ॲसिटिलकोलिन अडवतात (प्रश्न ५). सर्दी झाली म्हणून दोन दिवस गोळी घेतली आणि आजोबा रात्री भलतंच बोलायला लागले, हे त्यातलंच.

१२. ऑनलाईन गाबाच्या कॅप्सूल मिळतात. घ्याव्यात का?

पैसे जपून ठेवा. रक्तातून मेंदूत जाताना एक गाळणी असते, तोंडाने घेतलेला गाबा तिच्यातून जवळजवळ जात नाही.

१३. उर्राकचा (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा) सीझन आहे, वडील ७४ वर्षांचे, एक ग्लास लिम्काबरोबर घेतात. एवढ्याने काय होणार?

मी मार्च ते मे गोंयकाराला उर्राक सोडा सांगणार नाही, ऐकणार कोण. पण काय होतं ते सांगते. दारू गाबाचंच काम वाढवते, म्हणजे प्रश्न ११ ची गोळी पातळ करून पिण्यासारखं. शिवाय ती कानातल्या नळीतल्या पडद्यात आधी शिरते आणि आजूबाजूच्या पाण्यात नंतर, त्यामुळे पडद्याचं वजन बदलतं, म्हणून आडवं पडल्यावर खाट फिरते. म्हाताऱ्या शरीरात पाणी कमी असतं, तोच ग्लास चाळिशीपेक्षा जास्त चढतो. घेतलीच तर जेवणासोबत, सोप्यावर बसून, आणि झोपेची गोळी घेत असतील तर दोन्ही एकत्र नाहीच नाही. फेणीचं गणित तर आणखी वेगळं, ती उर्राकच्या दुप्पट-तिप्पट कडक असते. वर्षानुवर्षं जास्त पिणाऱ्यांचा छोटा मेंदूच आकसतो, त्यांची चाल मग न पिताही पाय फाकवून पडते.

१४. उठल्याबरोबर अंधारी येते, दोन मिनिटांत ठीक. बीपी तर हाय असतं!

बसून-झोपून हाय आणि उभं राहिल्यावर लो, असं होतं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर ते मोजण्याजोगं आहे. उठताना रक्तवाहिन्या आवळायचा निरोप नॉरॲड्रेनलिन देतं, वयाने आणि मधुमेहाने तो निरोप ढिला होतो, वर बीपीची, प्रोस्टेटची गोळी आणि एप्रिलचा घाम. क्लिनिकमध्ये बसवून बीपी बघतात, उभं करून पण बघा म्हणून सांगा. उठताना आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसायचं, पाय हलवायचे, मग उठायचं. पाणी कमी पीत असतील तर सकाळी पेज उत्तम (मीठ डॉक्टरला विचारून).

१५. बाबांना सुक्या बांगड्याचा वास येईनासा झालाय. विषयाला धरून नाही, पण विचारते.

आहे की विषयाला धरून. वास वयाने कमी होतोच, सायनस, कोविड ही कारणं पण असतात. पण वास जाणं, जुनी बद्धकोष्ठता आणि झोपेत स्वप्न बघता बघता हातपाय मारणं, ओरडणं, ही तिन्ही एकत्र असतील तर न्यूरोला दाखवा, पार्किन्सनमध्ये हे कंपाच्या कितीतरी वर्षं आधी येऊ शकतं. तोवर घरात गॅसचा अलार्म लावा, गॅस लीक त्यांना कळणार नाही.

१६. काठी दिली तर म्हणतात "मी काय म्हातारो झालो?" काय करायचं?

छत्री द्या! लांब, सरळ दांड्याची, खाली रबराचं बूच बसवलेली, जून ते सप्टेंबर गोव्यात कुणाला काही वाटत नाही. आणि गंमत म्हणजे तिच्यावर भार टाकायची पण गरज नसते. १९९४ मध्ये दोन संशोधकांनी दाखवलं की उभं असताना बोटाचं टोक स्थिर वस्तूला नुसतं टेकवलं, शंभर ग्रॅमपेक्षा कमी जोराने, तरी शरीराचे हेलकावे बरेच कमी होतात. आधारासाठी तो जोर काहीच नाही, मेंदूला बोटातून एक जास्तीची, खात्रीची बातमी मिळते एवढंच. म्हणून लोक भिंतीला बोटं लावत चालतात. त्यांना "भिंत मळते" म्हणून ओरडू नका. ज्यांना खरंच भार टाकावा लागतो त्यांना मात्र छत्री पुरणार नाही, मनगटाच्या उंचीची मापातली काठी किंवा वॉकर.

१७. वय ७८. व्यायामाने आता काय होणार, केमिकल थोडीच परत येणार?

सगळी परत येणार नाहीत. पण पडणं कमी होतं, आणि ते मोजलेलं आहे. २०१९ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून बघितलं तर व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी झालं, तोल आणि ताकदीचे व्यायाम त्यात पुढे. चीनची "ताई ची" (सावकाश हालचालींचा व्यायाम) पार्किन्सनच्या लोकांमध्येही उपयोगी पडली. गाबाबद्दल बोस्टनमध्ये एक छोटासा प्रयोग झाला होता, तासभर योगासनं केल्यावर तो सरासरी २७ टक्क्यांनी वाढलेला दिसला, पण योगासनं करणारे आठच जण होते आणि सगळे आधीपासून योगा करणारे, तेव्हा त्यावर घर बांधू नका.

मी काय देते ते सांगते. ओट्याला हात टेकून एका पावलापुढे दुसरं पाऊल लावून उभं राहणं, पोदेराचा (पाववाल्याचा) पों पों ऐकू आल्यापासून उंडे (पाव) घेईपर्यंत. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, दहा वेळा. अंगठा समोर धरून त्यावर नजर ठेवून मान डावी-उजवीकडे. हे जमलं की मग त्यात गडबड वाढवायची, रेडिओ लावा, उशीवर उभे राहा, नातवाला पाढे विचारा, कारण पडतात ते गडबडीत (प्रश्न ३, ५). पहिल्या दिवशीच उशीवर उभं करू नका. आणि आठ दिवस करून "फरक नाही" म्हणून मेसेज करू नका, बारा आठवडे धरून चला. जुनी भजनं टाळ धरून, पाय हलवत म्हणणाऱ्या आज्या माझ्याकडे फार कमी येतात, हे माझं निरीक्षण, अभ्यास नव्हे.

१८. कधी थांबायचं नाही, सरळ १०८ ला फोन करायचा?

चक्कर अचानक आली आणि सोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय गळाला, एकाचे दोन दिसायला लागले, आधाराशिवाय उभंच राहता येईना, किंवा कधी नव्हे असं डोकं दुखलं, तर मेंदूचा झटका (स्ट्रोक) असू शकतो, वेळ मिनिटांत मोजायचा. लिंबू सरबत नको, दृष्ट काढणं नंतर. रक्त पातळ करायची गोळी घेणारा माणूस डोक्यावर पडला तर तो ठीक दिसत असला तरी दाखवायचं, आत रक्त हळू साचतं.

१९. घाई नसेल तर दाखवायचं कोणाला? कान-नाक-घसा, न्यूरो की हाडांचे?

आधी घरचा नेहमीचा डॉक्टर, मग खोली फिरत असेल तर कान-नाक-घसा, चाल बदलली असेल तर न्यूरो, दोन्ही बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आहेत. हाडांच्या डॉक्टरकडे लोक मानेचा एक्सरे घेऊन जातात, साठीनंतर जवळजवळ प्रत्येकाच्याच मानेत झीज दिसते आणि मग सगळी चक्कर त्या मानेवर घातली जाते, मला ते फारसं पटत नाही.

जाताना फाईलपेक्षा एक कापडी पिशवी महत्त्वाची. घरातल्या सगळ्या गोळ्या तिच्यात टाका, डब्यातल्या, उशीखालच्या, फ्रिजवरच्या, आयुर्वेदिक काढे, मुंबईच्या मावशीने दिलेली झोपेची पट्टी सुद्धा. आणि चक्कर चालू असताना मोबाईलवर डोळ्यांचा व्हिडिओ काढून ठेवा, चेहरा जवळून, उजेडात, पापण्या उघड्या, वीस सेकंद पुरे. डॉक्टरसमोर चक्कर कधीच येत नाही, डोळे कुठल्या बाजूला उडतायत ते व्हिडिओत दिसतं.